मुक्या सैनिकाचं नाव

आमच्या मुळशीत पावसाळा लागला की रेडिओला खोकला व्हायचा. वीज चमकली की मीडियम वेव्हवर खर्रर्र आवाज, आणि नेमकं तेव्हाच बातम्या देणारा महत्त्वाचं काहीतरी सांगत असायचा. घरात विजेचा दिवा होता, पण पावसाळ्यात तो असून नसल्यासारखाच. आमच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडं, खाली कोकणात भिऱ्याला पडतं, तिथं वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते, हे आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं ते चिमणीच्या उजेडात. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट ज्यापायी तुरुंगात गेले, तेच हे धरण. असो. सांगायचं ते रेडिओबद्दल.

रेडिओ म्हणजे चार सेलचा ट्रान्झिस्टर. तो माझ्या मोठ्या चुलत्यांचा होता. आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सॅपर्स म्हणजे फौजेतले इंजिनिअर लोक. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे. १९६५ आणि १९७१, दोन्ही लढाया त्यांनी पाहिलेल्या. गावात मुलाण्याचं आमचं एकच घर, पण 'फौजी' म्हटलं की सगळ्या वाडीला ते आमच्याच घरातलं माणूस वाटायचं.

ते घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर घरापासून सडकेपर्यंतच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी दगड मांडले आणि त्यांना चुना लावला. दर पावसाळ्यानंतर पुन्हा चुना. विहिरीकडं जाणाऱ्या वाटेलाही तसंच. येणारेजाणारे कौतुक करायचे. 'काय शिस्त हो फौजेची!' माझे वडीलही लोकांना अभिमानानं दाखवायचे. फक्त एक गोष्ट आम्हा पोरांना कळायची नाही. दगडांच्या बाहेर पाय टाकलेला त्यांना खपायचा नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना माझा चेंडू दगडांच्या पलीकडं गवतात गेला. मी धावलो. बडे अब्बांनी मागून मला उचललं, वाटेवर आणून ठेवलं आणि अशी थोबाडीत दिली की कान दोन दिवस गुणगुणत होता. मग तेच मला कुशीत घेऊन बसले आणि थरथर कापत राहिले. चेंडू कुणी काढला, आठवत नाही.

भातखाचरांत ते उतरायचे नाहीत. बांधावरून चालायचे, तेही पुढं कुणी गेलेलं असेल तर त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. बैलगाडीच्या वाटेवर चाकोरी सोडायचे नाहीत. लोक गालात हसायचे. दादीनं दर्ग्यात चादर चढवली, शेजारच्या मावशींनी आपण होऊन देवीला नवस बोलला. एका मांत्रिकानं सांगितलं, रानातलं काहीतरी लागलंय. डॉक्टरकडं न्यावं असं कुणाला सुचलं नाही. पायाला काही झालेलंच नव्हतं, मग डॉक्टरला दाखवायचं काय? युद्धावरून आलेल्या माणसाच्या मनाला जे होतं त्याला इंग्रजांच्या डॉक्टरांनी १९१५ मध्ये एक नाव दिलं होतं, 'शेल शॉक'. पुढं १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या अधिकृत यादीत त्याला वेगळं नाव देऊन जागा दिली. हे सगळं मला फार उशिरा वाचायला मिळालं. आमच्या वाडीपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं.

साल १९८८. मी पुण्यात मराठी घेऊन बी. ए. करत होतो. आवणीसाठी घरी आलो होतो. कविता लिहायला लागलो होतो, म्हणजे माणसाच्या आयुष्यात जो काळ घरच्यांना सर्वांत त्रासाचा असतो तो चालू होता. त्या रात्री साडेनऊला आकाशवाणीवर 'अंधायुग' लागणार होतं. धर्मवीर भारतींचं. कॉलेजात आमच्या सरांनी त्याच्याबद्दल सांगितलेलं, म्हणून मी बडे अब्बांकडं रेडिओ मागितला. ते म्हणाले, 'रेडिओ न्यायचा न्हाई. हितंच बस. मी पण ऐकतो.'

ज्यांना हे नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महाभारतातलं युद्ध संपत आलंय, अठराव्या दिवसाची संध्याकाळ, तिथून नाटक सुरू होतं आणि प्रभासक्षेत्री कृष्णाच्या मृत्यूशी संपतं. म्हणजे युद्धाचं नाटक आणि त्यात लढाई जवळजवळ नाहीच. लढाईनंतर जे उरले त्यांचं ते नाटक आहे. भारतींनी १९५४ च्या सुमारास हे काव्यनाट्य लिहिलं ते रंगमंचासाठी, पण ते आधी लोकांच्या कानावर पडलं ते इलाहाबादच्या रेडिओवरून. रेडिओमुळं संवादांची लय घासून घेता आली, असं त्यांनीच नमूद केलंय. पुढं १९६२ मध्ये सत्यदेव दुबेंनी मुंबईत त्याचा प्रयोग केला आणि १९६३ मध्ये इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींमध्ये. अल्काझी जन्मानं आपल्या पुण्याचे, हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगत असतो. भारती स्वतः नंतर 'धर्मयुग'चे संपादक म्हणून मुंबईत आले, आणि १९७१ च्या युद्धाच्या वेळी वार्ताहर म्हणून आघाडीवर जाऊन आले. हे सगळे मोठे प्रयोग मी पाहिलेले नाहीत. माझं 'अंधायुग' ओसरीवरचं, घोंगडीवर बसून ऐकलेलं.

नाटकाची हिंदी संस्कृतप्रचुर. बडे अब्बांची हिंदी फौजी. दहाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, 'प्रहरी म्हंजी?'

'पहारेकरी.'

'मग संतरी म्हणा की.'

नाटकात दोन म्हातारे पहारेकरी आहेत. सुन्या राजवाड्यात येरझाऱ्या घालतात. राखण्यासारखं आत काही उरलेलं नाही, तरी पहारा चालूच. बडे अब्बांना हे दोघं फार आवडले. ते आले की सावरून बसायचे. एकदा म्हणाले, 'ह्ये लिवनाऱ्यानं रात्रीची ड्युटी केलीया.' मी सांगितलं, भारती प्राध्यापक होते. ते म्हणाले, 'मग कुनीतरी सांगितलं असंल त्याला.'

मग युयुत्सू आला. धृतराष्ट्राचाच मुलगा, पण तो पांडवांच्या बाजूनं लढला. त्याला वाटलं, न्याय तिकडं आहे. जिंकलेल्या बाजूचा असूनही घरी आल्यावर त्याच्याकडं कुणी बघेना. गांधारी त्याला घालूनपाडून बोलते, रस्त्यातले लोक त्याला भितात. एवढ्यात एक सैनिक खुरडत येतो. पाय गेलेले, वाचा गेलेली. त्याला पाणी हवंय. युयुत्सू पाणी पाजायला वाकतो आणि सैनिक त्याचा चेहरा बघून, अर्धं पाणी तोंडातच असताना, घाबरून सरपटत मागं जातो. कारण त्याचे पाय युयुत्सूच्याच बाणांनी गेलेले.

रंगमंचावर हा प्रसंग दिसतो. रेडिओवर फक्त ऐकू येतो. मुक्या माणसाला रेडिओवर काय करायला लावणार? नुसता घशातला आवाज आणि जमिनीवर काहीतरी ओढल्याचा आवाज. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यात तो आवाज मिसळून गेला. बडे अब्बांनी हात पुढं करून रेडिओचा आवाज कमी केला. मला वाटलं, दादी आत झोपलीये म्हणून. पण नंतर त्यांनी तो वाढवलाच नाही. उरलेलं नाटक आम्ही रेडिओला कान लावून ऐकलं, दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली.

अश्वत्थाम्याच्या शापाला ते काही बोलले नाहीत. नाटकातला सगळ्यांत मोठा जखमी माणूस तोच. बापाला कपटानं मारलं म्हणून पिसाळलेला, झोपलेल्यांना कापून काढणारा आणि शेवटी भळभळत्या जखमा घेऊन जन्मभर भटकायची शिक्षा झालेला. मला त्याच्याबद्दलच जास्त विचारायचं होतं. पण बडे अब्बा तिथून पुढं गेलेच नव्हते.

नाटक संपलं. मी रेडिओ बंद केला. अंधारात ते म्हणाले, 'त्याचं नाव काय सांगितलं?'

'कुणाचं?'

'त्या सिपायाचं. पाय गेल्याला.'

मी म्हणालो, त्याला नाव नाही. गूंगा सैनिक, एवढंच.

'असं कसं? नाव असतंयच की. रोलवर असतंय.'

आणि मग त्या रात्री त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पूर्वी कधी सांगितली नव्हती, नंतरही कधी नाही. १९७१ चं युद्ध १७ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर थांबलं. शकरगडच्या भागात दोन्ही बाजूंनी सुरुंगांची शेतंच्या शेतं पेरलेली. लढाई थांबली म्हणून सुरुंग थांबत नाहीत. सॅपर्सचं काम तिथून पुढं सुरू होतं. गुडघ्यांवर बसून, सळईनं तिरकं टोचत, वीत-वीत जमीन तपासायची. जेवढी वाट साफ झाली तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत बांधायची. फितीच्या आत चाला, बाहेर मरण. एक वाट बडे अब्बांच्या तुकडीनं साफ केली. फीत त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली आणि वर सांगितलं, वाट मोकळी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेवर एका जवानाचे दोन्ही पाय गेले.

'फितीच्या बाहेर गेला असेल,' मी म्हणालो.

'तसंच लिवलं कागदावर. पन रात्री वारं लई होतं. फीत हालली आसंल तर? एक हात जरी हालली आसंल तर?' बराच वेळ गेला. 'मी पानी पाजायला गेलो. त्यानं तोंड फिरवलं.'

त्याचं नाव मी विचारलं. त्यांना ते माहीत नव्हतं. पोरगा दुसऱ्या पलटणीचा, त्याच रस्त्यानं चाललेला. ट्रकमध्ये घालून नेलं. जगला की नाही तेही कळलं नाही.

तेव्हा कुठं मला त्या चुना लावलेल्या दगडांचा अर्थ लागला. अकरा वर्षं आधीची थोबाडीतही कळली. वडिलांना मी हे सांगितलं नाही. ते लोकांना दगड दाखवत राहिले.

आता माझ्या दोन चुका सांगतो. त्यातली पहिली कवीची आहे. पुण्याला परत गेल्यावर मी एक दीर्घ कविता लिहिली. तिच्यात बडे अब्बांना युयुत्सू केलं. मला वाटलं, काय सुचलंय! मुसलमान सैनिक, समोर मुसलमान शत्रू, दोन्हीकडून उपरा. मित्रांनी डोक्यावर घेतली. दिवाळीत घरी गेल्यावर मी ती मोठ्या आवाजात त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, 'युयुत्सू आपल्या भावांसंगं लढला. माजं भाऊ हितं मुळशीत भात लावत हुतं. मी कुनाच्या भावांसंगं लढलो रं?'

मला बोलता येईना. ज्या प्रश्नाचा आम्हाला एरवी राग येतो, 'तुम्ही नक्की कुणाकडचे?', तो मीच, घरातल्या घरात, वृत्तात बसवून त्यांना विचारला होता. १९६५ मध्ये खेमकरणला रणगाडे फोडून मरण पावलेल्या परमवीर अब्दुल हमीदांचं नाव आम्ही भाषणात घेतो ते या प्रश्नाला उत्तर म्हणून. बडे अब्बांनी उत्तर म्हणून कधी कुणाचं नाव घेतलं नाही. प्रश्नच त्यांच्या लेखी नव्हता. त्यांचं दुखणं धर्माचं नव्हतंच. एक हात फीत, एवढंच होतं. ती कविता मी कुठंही छापली नाही. मात्र लाज वाटून फाडली असं जे मी काही मुलाखतींत सांगितलंय ते खरं नाही. ती आहे माझ्याकडं. त्यातल्या दोन-चार ओळी चांगल्या आहेत, म्हणून ठेवलीये.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका जर्मन नाटकाविषयी वाचायला मिळालं. वोल्फगांग बोर्शर्ट नावाच्या तरुणाचं. तेही आधी रेडिओवरच झालं, १३ फेब्रुवारी १९४७ ला, हॅम्बुर्गहून. त्याचा नायक बेकमन सैबेरियातून कैद भोगून परत येतो. गुडघा निकामी, डोळ्यांवर गॅसच्या मुखवट्याखाली घालायचा चष्मा, कारण दुसरा चष्माच नाही. घरी बायकोजवळ दुसरा कुणीतरी आहे. तो आपल्या कर्नलच्या घरी जातो. कर्नल जेवत असतो. बेकमन म्हणतो, तुम्ही मला काही माणसांची जबाबदारी दिली होती, त्यातली अकरा परत आली नाहीत. ती जबाबदारी परत घ्या, मला झोप लागत नाही. कर्नलला आधी कळत नाही, मग तो हसतो, आणि त्याला हा विनोदी नाटकातला प्रवेश वाटतो. बोर्शर्ट स्वतः युद्धातून आजारी होऊन आलेला. नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं त्याच्या आदल्याच दिवशी तो गेला, २६ वर्षांचा असताना. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि ताम्हिणीच्या रस्त्यानं बराच वेळ चालत राहिलो. बडे अब्बांना परत करायला कर्नलही नव्हता. कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं.

या दोन्ही नाटकांना रेडिओ का मानवला असेल, असा विचार मी पुष्कळदा करतो. रंगमंचावर जखमी माणूस समोर उभा राहतो, आपण त्याच्याकडं बघतो आणि तो आपल्यापासून पंधरा-वीस हात लांब असतो. रेडिओवर तो अंधारात, कानाला लागून बोलतो. मुका असला तर कानाला लागून श्वास घेतो. अमेरिकेत २००८ पासून माजी सैनिकांसमोर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक नाटकं नुसती वाचून दाखवायचा एक उपक्रम चालवला गेला. वाचन झालं की सैनिक आपणहून उठून बोलायला लागत. आमच्या ओसरीवर तेच झालं, एवढंच म्हणता येईल.

मध्यंतरी एका कविसंमेलनाच्या निमित्तानं नंदुरबारला गेलो होतो. तिथं सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला हजारो आदिवासी रात्रीचे ते चढतात. ते अश्वत्थाम्याचं ठिकाण. लोक म्हणतात, तो अजून त्या रानात हिंडतो, कपाळावरच्या जखमेला लावायला तेल मागतो. आणि वाट चुकलेल्या माणसाला वाट दाखवतो, असंही म्हणतात. हे दुसरं मला आधी ठाऊक नव्हतं. भारतींच्या नाटकात ते नाही, शास्त्रीबुवांच्या कीर्तनातही मी ऐकलं नव्हतं. ज्यानं मला हे सांगितलं त्या भिल्ल गृहस्थाला मी पुन्हा विचारलं, 'वाट दाखवतो?' तो म्हणाला, 'हा, मग. त्याला माहीत असते ना.'

आता दुसरी चूक. ती सांगण्यासाठीच खरं तर मी हे भाषण द्यायला कबूल झालो. त्या नाटकानंतर दोन दिवसांनी बडे अब्बांनी माझ्यासमोर एक पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हणाले, रेडिओवाल्यांना लिही. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देण्याचा कार्यक्रम असायचा. कुणी गाण्याची फर्माईश करायचं, कुणी आवाज नीट येत नाही म्हणून तक्रार. बडे अब्बा म्हणाले, पुण्याला चाललायस, तिथूनच टाक, लवकर पोचेल.

मी ते टाकलं नाही. मी साहित्याचा विद्यार्थी होतो. नाटकातलं पात्र हे पात्र असतं, त्याला लेखकानं दिलं नसेल तर नाव नसतं, असलं पत्र रेडिओवर वाचलं गेलं तर लोक हसतील, आणि ते आमच्या बडे अब्बांना हसतील. शिवाय अक्षर माझं. पत्र 'साहित्यदर्पणा'त ठेवलं आणि घरी सांगितलं, टाकलं.

त्यानंतर पत्रांच्या कार्यक्रमाची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. किती महिने, ते मी मोजलं नाही. मी घरी असलो की ते मला काही विचारायचे नाहीत, फक्त रेडिओ माझ्या बाजूला सरकवून ठेवायचे. कार्यक्रम संपला की बंद करायचे. २००३ मध्ये ते गेले. दफनाला गावातले सगळे आले होते. कब्रस्तानची वाट तेव्हा गवतानं भरलेली, आणि खांदेकऱ्यांपैकी एक म्हातारा शेतकरी मध्येच थांबून म्हणाला, 'पुढं कुनीतरी चाला रे आधी. फौजीला आवडत न्हाई.' कुणी हसलं नाही. धाकटा चुलतभाऊ पुढं झाला, आणि बाकीचे त्याच्या मागं.

आता आमच्या बाजूला रस्ता रुंद झालाय. शेतघरं, रिसॉर्टं, पाट्या. चुन्याचे दगड रुंदीकरणात गेले. मागच्या पावसाळ्यात एका स्नेह्यानं 'अंधायुग'चं जुनं ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाठवलं. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती, मला ते थोडं परकं वाटलं. मुक्या सैनिकाचा प्रसंग आला तेव्हा मी उठून कपाटातून 'साहित्यदर्पण' काढलं. पोस्टकार्ड आत होतं. पिवळं पडलंय, पण शाई फिकी झालेली नाही. आज याच माध्यमातून बोलायला मिळतंय, तर वाचून दाखवतो :

'महोदय, सप्रेम नमस्कार. आपले युद्धावरील नाटक ऐकले. चांगले झाले. पावसामुळे मध्ये मध्ये आवाज गेला, त्यास आपला इलाज नाही. त्यात एक सैनिक आहे, त्याचे पाय गेले आहेत व त्यास बोलता येत नाही. राजे, राण्या, सगळ्यांची नावे सांगितली आहेत, त्याचे सांगितलेले नाही. तरी त्याचे नाव, गाव व पलटण कळवावी. तो पुढे बरा झाला किंवा कसे, तेही कळवावे. कळावे. आपला, हवालदार, निवृत्त.'

पत्त्याच्या बाजूला केंद्राचं नाव आहे. शिक्का नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)